यंत्र विश्रांती शिकवील काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत आरोग्यावर एक भाषण ठेवावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदाचा विषय चिटणीसबाईंनी सुचविला. त्या म्हणाल्या, "हल्ली मनगटावरचे घड्याळ आणि हातातला फोन आपल्याला सांगू लागले आहेत की, तुमच्यावर ताण आहे, आता सावकाश श्वास घ्या. सांगितल्याप्रमाणे केले की शाबासकीही देतात. या यंत्रांचे कितपत ऐकावे, ते एकदा नीट सांगा." मी पुष्कळ वर्षे मानसशास्त्र शिकविले आणि शिथिलीकरणाच्या वर्गांतून अशी यंत्रे हाताळली, एवढाच माझा अधिकार. मी डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

प्रथम एक छोटासा प्रयोग करू. आहात तशाच बसून राहा, हलू नका. आता पाहा: वरचे दात खालच्या दातांवर दाबून धरले आहेत काय? खांदे कानांच्या दिशेने किंचित वर चढले आहेत काय? मांडीवरची पर्स मुठीत घट्ट आवळली आहे काय? भाषण ऐकायला यांपैकी कशाचीच गरज नाही. आणि मी विचारीपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आजच्या सगळ्या विषयाची किल्ली एवढ्याशा गोष्टीत आहे. स्नायू आवळलेले असतात, आणि ते आवळलेले आहेत याची खुद्द मालकिणीलाच खबर नसते.

शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी आपले आयुष्य याच गोष्टीच्या अभ्यासात घालविले. त्यांचे 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हे पुस्तक १९२९ साली निघाले. माणूस अंथरुणावर निपचित पडला आणि 'मी अगदी स्वस्थ आहे' असे म्हणाला, तरी त्याच्या स्नायूंत थोडा ताण शिल्लक राहतो, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली. एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळावयाचा, ताण कसा जाणवतो ते ओळखावयाचे, आणि मग तो सोडून द्यावयाचा. पद्धत उत्तम, परंतु ती नीट साधायला महिनेच्या महिने लागत. शिवाय शिकणारणीपुढे एक अडचण कायमची. आपले बरोबर चालले आहे की नाही, हे तिला कळावे कसे? 'शिथिल व्हा' हा हुकूम ऐकून कोणी शिथिल होत नाही. रडणाऱ्या मुलाला 'झोप पाहू मुकाट्याने' म्हणून दटावल्यावर ते जितके झोपते, तितकेच आपले स्नायू हुकमाने सैल पडतात.

कळल्यावाचून सुधारणा होत नाही, ही गोष्ट अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी फार साध्या प्रयोगाने दाखविली होती. माणसाचे डोळे बांधून त्याला ठराविक लांबीची रेघ पुनःपुन्हा काढावयास सांगितली. बरोबर की चूक हे न सांगता कितीही रेघा काढवून घेतल्या, तरी हात सुधारेना. प्रत्येक रेघेनंतर 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच सांगू लागताच तो सुधारू लागला. रांगोळी घालणारणीला हे वेगळे सांगायला नको. डोळे मिटून वर्षभर ठिपके काढले, तरी ते एका ओळीत यायचे नाहीत. डोळे उघडून काढले म्हणजे आठ दिवसांत हात बसतो. शरीराच्या आतल्या ताणाच्या बाबतीत आपण सगळ्याच डोळे मिटून रांगोळी घालीत असतो.

हे डोळे उघडण्याचे काम यंत्राने करावे, या कल्पनेला 'बायोफीडबॅक' म्हणतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे या विषयाचे संशोधक एकत्र जमले, त्यांनी एक संस्था स्थापिली, आणि तेव्हापासून हे नाव रूढ झाले. मी त्याला देहाचा आरसा म्हणते. आरसा आपले केस विंचरीत नाही. केस कुठे विस्कटले आहेत एवढेच तो दाखवितो. विंचरायचे आपल्यालाच.

हा आरसा चालतो कसा, तेही थोडक्यात सांगते. स्नायू आवळला की त्यात अत्यंत सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न होतो. तो मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजतात. कपाळावर दोन-तीन चकत्या चिकटवून यंत्र तो टिपते, मोठा करते आणि त्याचा आवाज करून ऐकविते. ताण वाढला की टिकटिक जलद होते, उतरला की मंद होते. दुसरी तऱ्हा बोटांच्या घामाची. मन धास्तावले की तळहाताला घाम येतो आणि कातडीतून वीज अधिक सहज वाहते. तो फरक यंत्र दाखविते. तिसरी तऱ्हा बोटांच्या उष्णतेची. ताण असला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटे गार पडतात. ताण सरला की ती उबदार होतात. परीक्षेच्या दिवशी मुलांचे हात गार का लागतात, ते यावरून कळेल. चौथी तऱ्हा नाडीची आणि श्वासाची. घड्याळे वापरतात ती बहुतेक हीच.

आता एक प्रयोग जरा सविस्तर सांगते, कारण माझे पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. कोलोरॅडो विद्यापीठात थॉमस बुडझिन्स्की आणि योहान स्टोय्वा हे दोघे संशोधक ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर काम करीत होते. १९७३ साली त्यांनी अठरा रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला कपाळाच्या स्नायूची खरी टिकटिक ऐकविली. दुसऱ्या गटालाही टिकटिकच ऐकविली, पण ती त्यांची नव्हे. पहिल्या गटातील लोकांची टेपवर भरून ठेवलेली. तिसऱ्या गटाला तूर्त काहीच शिकविले नाही. पहिल्या गटाची डोकेदुखी इतर दोन्ही गटांपेक्षा स्पष्टपणे कमी झाली. दुसऱ्या गटानेही तीच खोली, तीच खुर्ची आणि तसलाच आवाज अनुभवला होता. फरक एवढाच की, तो आवाज त्यांच्या देहाशी बांधलेला नव्हता. खोटा आरसा समोर ठेवून कोणी केस नीट विंचरू शकत नाही, हेच यावरून दिसते. हा दुसरा गट कृपा करून लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

मात्र हा विषय केवळ अमेरिकेचा आहे, असे समजू नका. त्याचा एक धागा आपल्या लोणावळ्याहून आणि परळहून जातो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचा पायंडा घातला. त्यांच्याबरोबर काम केलेले डॉ. विनेकर आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. दाते यांनी, इतर सहकाऱ्यांसह, १९६९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना त्यांनी शवासन शिकविले होते. पुष्कळांचा रक्तदाब उतरला, कित्येकांच्या औषधाची मात्रा कमी करता आली.

पुढे लंडनजवळच्या क्रॉयडन भागात व्यवसाय करणाऱ्या एका भारतीय वंशाच्या डॉक्टरीणबाईंनी, डॉ. चंद्रा पटेल यांनी, शवासनासारखे शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक यांची सांगड घातली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९७३ साली त्यांचा वीस रुग्णांवरचा निबंध आला. तीन महिने, आठवड्यातून तीनदा, दर वेळी अर्धा तास शिक्षण. हाताच्या बोटांना यंत्र जोडलेले. मन निवत जाईल तसा त्याचा सूर खाली उतरत जाई. त्यांतील पाच रुग्णांची रक्तदाबाची औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबविता आली. पुढे आणखी मोठे प्रयोग झाले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १९२ स्त्रीपुरुष होते. त्यांतील निम्म्यांच्या सुमारास लोकांना आठ आठवडे, आठवड्याला एक तास, हे शिक्षण दिले होते. चार वर्षांनंतरही त्यांचा रक्तदाब न शिकलेल्यांपेक्षा कमी होता. मला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की, यंत्र वर्गात होते; चार वर्षे घरी चालला तो रोजचा अभ्यास.

येथपर्यंत यंत्राशेजारी माणूस बसलेला असे. शिकणारणीचा ताण थोडा उतरला की शिक्षक यंत्राचे बटण किंचित फिरवी. म्हणजे पुन्हा तेवढाच आवाज उतरविण्यासाठी तिला आणखी थोडे शिथिल व्हावे लागे. गाण्याच्या बाई करतात तसेच हे. आधी षड्ज स्थिर झाला की पुरे म्हणतात. तो स्थिर झाल्यावर त्याच षड्जात खोट काढतात. अवघड करीत जायचे, पण शिष्या रडकुंडीला येईल इतके नाही. हे तारतम्य हीच शिक्षकाची खरी विद्या.

१९७७ सालापासून घरात ठेवण्याजोगे संगणक बाजारात येऊ लागले आणि हे बटण फिरविण्याचे काम संगणकावर सोपविता येईल, असे लोकांच्या मनात आले. वरवर पाहता संगणक या कामाला फार योग्य. तो सेकंदाला शेकडो मापे घेतो, त्यांची सरासरी काढतो, मागच्या महिन्याच्या मंगळवारी काय झाले ते विसरत नाही, कंटाळत नाही आणि चिडत नाही. शिकणारणीला त्याचा संकोच वाटत नाही. रात्री अकरा वाजता, भांडीकुंडी आवरून झाल्यावर, तोच एक शिक्षक हजर असतो. शिक्षकाच्या प्रत्येक भेटीची आवश्यकता नसते, यालाही आधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे एडवर्ड ब्लँचर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात डोकेदुखीच्या रुग्णांना थोड्याच भेटी देऊन, बाकीचे शिक्षण पुस्तिका, कॅसेट आणि बोटाला लावायचा उष्णतामापक यांच्या साह्याने घरी करावयास लावले. पुष्कळांना दवाखान्यात वारंवार येणाऱ्यांइतकाच आराम पडला. जिच्या गावात तज्ज्ञ नाही, किंवा जिला घर सोडून जाता येत नाही, तिला ही केवढी सोय! तेव्हा 'यंत्र म्हणजे थोतांड' असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण गोम आहे ती शाबासकीत. संगणकाला एक मर्यादा ठरवून द्यावी लागते: ताण याच्या खाली गेला तर घंटी वाजव. या मर्यादेला त्या शास्त्रात 'थ्रेशोल्ड', म्हणजे उंबरठा म्हणतात. हा उंबरठा कोठे ठेवावयाचा? फार खाली ठेवला तर घंटी वाजतच नाही, आणि शिकणारी कंटाळून यंत्र कपाटात ठेवून देते. म्हणून कित्येक यंत्रांत अशी तजवीज केलेली असते की, उंबरठा आपोआप सरकावा आणि घंटी शंभरापैकी सत्तर वेळा तरी वाजावी. ऐकायला हे किती समंजस वाटते! पण हिशेब करून पाहा. समजा, काल आपला ताण दहा होता. उंबरठा अकराच्या आसपास होता आणि घंटी सत्तर वेळा वाजली. आज घरी काही कटकट झाली आणि ताण चौदावर गेला. यंत्राने गुपचूप उंबरठा उचलून पंधरावर ठेवला आणि घंटी पुन्हा सत्तर वेळाच वाजली. ताण वाढला, शाबासकी तेवढीच राहिली. बाई आनंदाने म्हणते, 'आजही छान झाले.'

मघाचा दुसरा गट आठवा. त्यांना दुसऱ्याच्या देहाचा आवाज ऐकविला होता. येथे आवाज आपल्याच देहाचा आहे खरा, पण शाबासकी त्याच्यापासून सुटलेली आहे. घरात आपण पाऊल उचलून उंबरठा ओलांडतो. आपण जाऊ तिकडे सरकत जाणारा उंबरठा काय कामाचा? चांगला शिक्षकही सोपे-अवघड करतो, परंतु तो ते शिष्येला सांगून करतो, आणि तिची कालची पायरी त्याच्या लक्षात असते. संगणकाला हे शिकविता येत नाही असे नाही. मागचे माप समोर ठेवावयाचे, उंबरठा हलविला तर तसे स्पष्ट सांगावयाचे, आणि आज जमले नाही तर 'आज जमले नाही' असे म्हणावयाचे, एवढे त्याला सहज करता येते. पण यंत्र विकणाऱ्याला ग्राहक खूश राहायला हवा असतो, आणि खरे बोलणाऱ्या यंत्रापेक्षा गोड बोलणारे यंत्र अधिक खपते. दोष संगणकाचा नाही. त्याला काय सांगून ठेवले आहे, त्याचा आहे.

यंत्राने उलटेच शिक्षण कसे मिळू शकते, याची एक मौज सांगते. अटारी नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८४ साली कपाळाला बांधावयाचा एक पट्टा तयार केला होता. कपाळाच्या स्नायूंच्या हालचालीने पडद्यावरचा खेळ खेळावयाचा, अशी योजना होती. चाचणीत खेळणाऱ्यांनी खेळ जिंकण्यासाठी भुवया इतक्या उडविल्या की, त्यांची डोकी दुखू लागली. पट्टा बाजारात आलाच नाही. ज्या स्नायूच्या मापाने कोलोरॅडोत डोकेदुखी बरी झाली, त्याच स्नायूच्या मापाने येथे डोकेदुखी जडली. माप तेच, बक्षीस कशाला द्यायचे ते बदलले.

दुसऱ्या बाजूला प्रामाणिक यंत्रेही आहेत. छातीला पट्टा लावून श्वास मोजणारे आणि कानात सूर ऐकविणारे एक यंत्र अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००२ साली रक्तदाबासाठी, औषधांच्या जोडीला, चिठ्ठीविना विकण्यास मान्य केले. ते आधी आपला नेहमीचा श्वास मोजते, मग त्याच गतीचा सूर लावते आणि हळूहळू उच्छ्वासाचा सूर लांबवीत श्वास मिनिटाला दहाच्या खाली आणते. यात खोटी शाबासकी नाही. श्वास खरोखर मंद झाला की नाही, ते आपण स्वतः घड्याळ लावून मोजू शकतो. तरीही रक्तदाबावर त्याचा परिणाम किती, याबद्दल एकमत नाही. काही प्रयोगांत फायदा दिसला, तर काहींत नुसते शांत संगीत ऐकणाऱ्यांपेक्षा तो अधिक दिसला नाही.

आणि श्वास मंद करायला यंत्रच हवे, असेही नाही. इटलीतील डॉ. बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तेवीस निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळपास आला, आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब यांच्या आपल्या लयी एकमेकींशी जुळल्या. यावरून 'आमच्या आजीला सगळे ठाऊकच होते' अशी फुशारकी मारू नये. जप कोणी रक्तदाबासाठी करीत नसे. पण संथ लयीत म्हटलेले स्तोत्र श्वासाला वळण लावते, एवढे निश्चित. आपल्या भजनाच्या वर्गातल्या बायकांनी ते एकदा मोजून पाहावे.

१९७८ साली सिल्व्हर आणि ब्लँचर्ड या दोघांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेताना शीर्षकातच विचारले होते: ही यंत्रे खरोखर आवश्यक आहेत काय? यंत्राविना नीट शिकविलेले शिथिलीकरण बहुतेक ठिकाणी यंत्राच्या तोडीस तोड ठरते, असे त्यांना आढळले. मग यंत्राचा उपयोग काय? माझे उत्तर असे आहे. जिला आपला ताण जाणवतच नाही, तिला तो पहिल्यांदा दाखवून देण्यास यंत्रासारखे साधन नाही. आणखी एक उपयोग पुस्तकात नसतो, पण बायकांना ठाऊक असतो. दुपारी वीस मिनिटे डोळे मिटून पडणाऱ्या बाईला घरात 'लोळते आहे' म्हणतात. तीच बाई बोटाला वायर लावून पडली की 'तिचे उपचार चालले आहेत' म्हणून मुले दार लोटून घेतात. विश्रांती घ्यायला आपल्याला यंत्राची शिफारस लागावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

आता घड्याळाकडे येते. घड्याळाच्या पाठीवरचा दिवा कातडीवर उजेड टाकतो, परत येणाऱ्या उजेडावरून नाडी ओळखतो आणि दोन ठोक्यांतले अंतर मोजतो. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाच्या लंबकासारखे समान नसतात. श्वास घेताना ते जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. हा फरक कमी झाला की घड्याळ 'ताण' असा निकाल देते. पण जिना चढलेला असला, ताप असला, रात्री झोप झाली नसली, तरीही तो फरक कमी होतो. तेव्हा तो आकडा म्हणजे अंदाज आहे, निदान नव्हे. शिवाय प्रत्येक कंपनीची आकडा काढण्याची रीत वेगळी. 'तुझा किती, माझा किती' ही चढाओढ हळदीकुंकवात सुरू झाली, तर शिथिल होणे राहील बाजूला.

असले कोणतेही साधन हाती आले की तीन परीक्षा घ्या. पहिली: साधन चालू असताना मुद्दाम ताण आणा. स्नायूचे यंत्र असेल तर कपाळाला आठ्या घाला, श्वासाचे असेल तर भरभर श्वास घ्या. माप बिघडले पाहिजे आणि शाबासकी थांबली पाहिजे. तरीही ते 'छान, छान' म्हणत राहिले, तर ते आपल्याला पाहतच नाही. दुसरी: आजचे माप आणि पंधरा दिवसांपूर्वीचे माप शेजारीशेजारी दिसते काय, ते पाहा. नुसत्या घंट्या, तारे आणि पदके दिसत असतील, तर उंबरठा सरकतो आहे असा संशय धरा. तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची: दर खेपेला शेवटची पाच मिनिटे यंत्र बंद करून तीच अवस्था साधते का पाहा. ज्या साधनावाचून आपले कधीच चालू नये अशी त्याची रचना आहे, ते शिक्षक नव्हे. पोहायला शिकताना बांधलेला भोपळा कधीतरी सोडायचाच असतो.

दोन इशारेही देते. रक्तदाबाची गोळी घड्याळाच्या सांगण्यावरून कोणी बंद करू नये. डॉ. पटेल यांच्या रुग्णांची औषधे थांबली, ती दंडावर पट्टा बांधून रक्तदाब वारंवार मोजला जात असताना आणि डॉक्टर समोर असताना. तसेच डोळे मिटून स्वस्थ बसले की काही जणींची अस्वस्थता उलट वाढते, कढ दाटून येतात. संथ श्वासाने कोणाला घेरीही येते. अशा वेळी थांबावे आणि जाणत्या माणसाशी बोलावे. यंत्राला ताणाचा आकडा दिसतो. ताणाचे कारण दिसत नाही. कर्जाचा हप्ता, अंथरुणाला खिळलेली सासू, बोलेनासा झालेला मुलगा, हे कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. श्वास सहावर आणून कर्ज फिटत नसते. तेथे शेजारीण लागते, मंडळ लागते.

म्हणून माझी कार्यकारिणीला एक सूचना आहे. आठवड्यातून एक दुपार अर्धा तास सतरंज्या घालून आपण शिथिलीकरणाचा अभ्यास करावा. बोटाला लावण्याजोगे दोन-तीन साधे उष्णतामापक घ्यावेत. आधी आणि नंतर बोटे किती उबदार झाली ते प्रत्येकीने आपल्या वहीत टिपावे, दुसरीला दाखवू नये. मात्र थंडीत खोलीच गार असते, हे हिशेबात धरावे. ज्यांच्याकडे घड्याळे आहेत त्यांनी ती खुशाल आणावीत. मघाच्या तीन परीक्षा आपण सगळ्या मिळून घेऊ. आणि अभ्यास संपल्यावर दहा मिनिटे नुसते बोलायला राखून ठेवावीत.

यंत्र विश्रांती शिकवील काय, असे शीर्षक मी या भाषणाला दिले आहे. खरे बोलणारे यंत्र शिकण्याला साह्य करील. गोड बोलणारे करणार नाही. आणि शिकणे शेवटी आपले आपल्यालाच आहे. उठण्यापूर्वी एकदा पुन्हा दात आणि खांदे तपासा, एवढी विनंती करून आपली रजा घेते.